घ्यायचं तर एकदाच घ्यायचं

आमच्या काकांकडे नवा स्टिरिओ येणार आहे. कधी येणार, कुठून येणार, किती वॅटचा येणार, हे मात्र विचारू नका. २००९ पासून तो येतोच आहे. तेवढ्या काळात पलीकडचं आंध्र जाऊन तेलंगण झालं, वांगेपल्लीला प्राणहितेवर पूल झाला, डोंग्यातून नदी ओलांडणारी माणसं मोटारसायकलवरून सोयरिकी जुळवायला जाऊ लागली. काकांच्या दोन्ही पोरांची लग्नं झाली, नातवंडं शाळेत गेली. स्टिरिओ अजून 'पाहून राहिलो' या टप्प्यावर आहे.

'पाहून राहिलो' हे काकांचं सगळ्यात लाडकं क्रियापद. त्यात नकार नाही, होकार नाही आणि घाई तर मुळीच नाही. गेल्या पंधरा वर्षांत मी अहेरीला जेव्हा जेव्हा गेलो, तेव्हा बस स्टँडवरून घरी पोचताच पिशवी ठेवायच्या आधी विचारतो, "मग काका, काय ठरलं?" आणि काका चष्मा कपाळावर चढवून म्हणतात, "पाहून राहिलो ना बाबू."

सकाळचे काका आणि संध्याकाळचे काका ही दोन वेगळी माणसं आहेत. सकाळी अंगणात खुर्ची टाकून चहाचा दुसरा कप हातात आला की काका म्हणतात, "घ्यायचं तर एकदाच घ्यायचं. महंगा रोए एक बार, सस्ता रोए बार बार." दिवेलागणीला तोच माणूस गुडघ्याला तेल चोळत म्हणतो, "पण आता घेऊन ऐकणार किती दिवस?" ही दोन वाक्यं म्हणजे काकांचे उजवा आणि डावा स्पीकर. दोन्ही सारख्याच जोरात वाजतात आणि काका बरोबर मध्ये बसून दोन्ही ऐकतात.

या स्वभावाचं मूळ त्यांच्या नोकरीत आहे. काका वन विभागात होते. बरीच वर्षं आलापल्लीच्या डेपोत लाकडाच्या मापांची वही त्यांच्याकडे असायची. ओंडक्याची लांबी, गोलाई, घनमीटर, लॉट नंबर. लिलावाच्या दिवशी चंद्रपूर, नागपूर आणि त्याही पलीकडचे व्यापारी यायचे, आणि काका वही मांडीवर घेऊन त्यांचे चेहरे वाचायचे. त्यातून त्यांनी एक शास्त्र काढलं. पहिल्या फेरीत बोली लावतो तो एक तर नवखा, नाही तर गरजू. शहाणा माणूस थांबतो, लॉट पुन्हा लागतो, भाव उतरतो. हे शास्त्र सागवानाला लागू असेलही. पण काकांनी ते आयुष्यालाच लावून टाकलं. काकूला पाहायला गेले, तेव्हासुद्धा म्हणे घरी येऊन 'पाहून राहिलो' म्हणाले होते. शेवटी काकूच्या वडिलांनी सिरोंच्याहून माणूस पाठवून विचारलं की लॉट उचलायचा आहे की नाही.

काकांकडे आता जे यंत्र आहे, ते १९८४ साली आलं. पगाराचा एरियर मिळाला होता. गडचिरोली जिल्हा नवा होता, २६ ऑगस्ट १९८२ ला चंद्रपुरातून निघालेला. सगळंच नवं होतं, म्हणून काकांनाही एकदा नवं काही घ्यावंसं वाटलं असावं. नागपूरला सीताबर्डीवर जाऊन त्यांनी रेकॉर्ड प्लेअर आणि अॅम्प्लिफायर घेतला. रेल्वेनं बल्लारशापर्यंत आणि तिथून पुढे एसटीनं. प्लेअर सगळ्या वाटेत मांडीवर. शेजारच्या बाईनं पोराला जरा धरायला दिलं, तर काका म्हणाले, "माझ्याजवळ आधीच एक आहे." ही गोष्ट मी काकांकडून चाळीस वेळा ऐकली आहे. दर वेळी बस जास्त हादरते आणि नाल्याला पाणी जास्त असतं.

स्पीकरचे नुसते गोल आणले होते. डबे अहेरीत करवून घेतले. कशाचे, हे सांगायची गरज आहे का? डेपोतला माणूस! रीतसर पावती फाडून घेतलेलं सागवान, तेही काकांनी स्वतः निवडलेलं, रेषा सरळ, गाठ एकही नाही. सुतारानं महिनाभर घासलं. ते डबे आज चाळीस वर्षांनीही मधासारखे चमकतात. उधई लागली नाही, ओल लागली नाही. आतलं सगळं मात्र बिघडलं. डाव्या स्पीकरच्या कोनाभोवतीचा फोम दमट हवेनं आधी चिकट झाला, मग भुसा होऊन गळाला. आणि उरलेला कागदी कोन २००९ साली उंदरानं खाल्ला. काकूचं मत असं, की उंदराची काही चूक नाही; एवढ्या जवळून रोज ऐकावं लागलं तर कोणीही तेच करील.

तेव्हापासून काका एका कानाचं संगीत ऐकतात. स्टिरिओ तबकडी लावली की अर्धा कार्यक्रम गायब. कव्वालीत मुख्य गायक असतो, टाळ्या नसतात. कुठल्याशा गाण्यात सतार वाजते आणि जिच्यासाठी ती वाजते आहे ती बाई काही बोलतच नाही. अॅम्प्लिफायरला मोनोचं बटण आहे, ते दाबलं की दोन्ही बाजू एकत्र होतात. पण ते बटण काका रिटायर झाले त्याच वर्षी, २०११ मध्ये, अडकलं. "दोघंही एकदमच सेवेतून गेलो," असं काका म्हणतात.

आता यातली गंमत पाहा. काकांच्या तबकड्या एकशे चौसष्ट. वहीत नोंद आहे, तीही लॉट नंबर घालून. त्यातल्या एकशे एकतीस मोनो. म्हणजे एकाच वाटेनं आलेला आवाज. एक स्पीकर लावा की दोन, ऐकायला येतं तेच. काकांचं सगळं प्रेम मोनोवर. गदिमा आणि बाबूजींचं गीतरामायण १ एप्रिल १९५५ पासून वर्षभर पुणे आकाशवाणीवरून लागलं. ५६ गाणी, त्यातलं एकही स्टिरिओ नाही. रेडिओ सिलोनवर बुधवारी रात्री आठला अमीन सायानींची बिनाका गीतमाला लागायची, ती तर शॉर्टवेव्हवर समुद्राच्या लाटेसारखी जवळ यायची आणि दूर जायची. काका तेव्हा विद्यार्थी. एरियल म्हणून सायकलची तार चिंचेला बांधलेली. आवाज गेला की एक भाऊ झाडावर चढायचा. २० फेब्रुवारी २०२४ ला अमीन सायानी गेले. बातमी आली, त्या दिवशी काका कोणाशी फारसं बोलले नाहीत. संध्याकाळी एवढंच म्हणाले, "मी तं झाडावरून अर्धी गीतमाला ऐकली, बाबू. पहिल्या पायदानाचं गाणं नेहमी लहान्यालेच ऐकाले भेटे."

एकदा मी धीर करून म्हणालो, "काका, तुमचा माल सगळा मोनो. मग दुसरा स्पीकर हवाच कशाला?"

काकांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी पोकळ ओंडका पहिल्या प्रतीत टाकला. म्हणाले, "देवळात एकच देव असते, पण समया दोन लावते का नाही?"

यापुढे मी काय बोलणार?

स्टिरिओ कशासाठी, हे मात्र काकांनी मला एकदा फार छान समजावलं होतं. ॲलन ब्लुमलाइन नावाचा इंग्लिश इंजिनिअर होणाऱ्या बायकोबरोबर सिनेमाला गेला होता. पडद्यावर माणूस एका बाजूला चालतो आहे आणि आवाज दुसऱ्याच बाजूनं येतो आहे, हे त्याला खटकलं. १९३१ साली त्यानं आवाज माणसामागून चालवायच्या युक्तीचं पेटंट मागितलं, तोच स्टिरिओ. हे सांगून काका म्हणाले, "त्याले एका सिनेमात खटकलं. आपण तं जलमभर झाडीपट्टीची नाटकं पाहून राहिलो." खरंच आहे ते. दिवाळी सरली की वडसा-देसाईगंजच्या मंडळ्या गावोगाव निघतात, रात्रभर नाटक चालतं, आणि नायिका डावीकडच्या विंगेत रडत असते तेव्हा तिचा हुंदका उजवीकडच्या मोहाच्या झाडावर बांधलेल्या भोंग्यातून येतो. अर्ध्या प्रेक्षकांच्या माना झाडाकडे. ब्लुमलाइन झाडीपट्टीत जन्मला असता, तर पेटंट वीस वर्षं आधी आलं असतं, असं काकांचं ठाम मत.

आता काकूबद्दल. काकूचं माहेर सिरोंचा, म्हणजे घरात निम्मी तेलुगू. पन्नास वर्षं अहेरीत काढूनही रागाच्या आणि स्वयंपाकाच्या वेळी तिच्या तोंडून तेलुगूच निघते. तेलुगूत 'चालु' म्हणजे पुरे, बस. मराठीत 'चालू' म्हणजे काय, हे सगळ्यांना माहीत आहे. काकांचं गाणं तासभर झालं की काकू स्वयंपाकघरातून ओरडते, "चालु!" काका प्रसन्न होऊन उत्तर देतात, "हो हो, चालूच आहे." या एका शब्दावर त्यांचा संसार झाला आहे. काकांना तेलुगू समजत नाही असं नाही. डेपोत अर्धे मजूर तेलुगू बोलणारे होते. जो अर्थ सोयीचा असेल तो ते घेतात.

काकूला गाण्याचं प्रेम नाही, पण कान असे की विचारू नका. मागच्या न्हाणीघरात धुणं धुताना तिला ऐकू येतं की आज सुईला काही लागलं आहे. "तुमची बाई नाकात गाऊन राहिली आज," असं ती म्हणते. काका उठून सुई पाहतात, तर टोकावर धुळीचा कण. काकांचे कान काही तसे राहिलेले नाहीत. हे त्यांना कळलं त्याची हकिगत अशी.

एका नव्या स्पीकरच्या माहितीपत्रकात लिहिलं होतं की तो ४०,००० हर्ट्झपर्यंत वाजतो. काकांनी वहीत लिहून घेतलं. मग कुठे तरी वाचलं की माणसाला तरुणपणी फार तर २०,००० पर्यंत ऐकू येतं आणि वयाबरोबर वरचा भाग हळूहळू जातो. काका चंद्रपूरला जाऊन कान तपासून आले. कानाचा आलेख मिळाला. असा कागद हाती आल्यावर माणसं घाबरतात. काकांनी तो स्पीकरच्या आलेखाशेजारी ठेवून पाहिला. चार हजारापर्यंत बरं, पुढे उतार, आठ हजाराला खड्डा. आणि आठ हजाराच्या पुढे तपासलंच नव्हतं. काकांचा आक्षेप याला. "पुढच्या बारा हजाराचं काय? मोजमाप अर्धवट सोडून कोणी लॉट पास करते का?" तपासणाऱ्या मुलीनं शांतपणे सांगितलं की काका, बोलणं समजायला तेवढं लागतच नाही.

महिनाभर काका खिन्न. मग त्यांनीच हिशेब काढला, की गाणाऱ्या बाईचा तारसप्तकातला सूरसुद्धा हजार हर्ट्झच्या आसपासच असतो. वर जे असतं ते सुराचे उपसूर. झिलई. "म्हणजे लाकूड पुरं आहे, पॉलिश तेवढं गेलं," असं म्हणून ते पुन्हा माहितीपत्रकांकडे वळले. फक्त आता त्यात एक नवी पंचाईत झाली. स्पीकर चाळीस हजाराचा, कान चार हजाराचे. मधल्या छत्तीस हजाराचे पैसे कोणासाठी द्यायचे? "काकूसाठी," मी म्हणालो. काकू आतून म्हणाली, "मले आत्ताचंच जास्त होते."

काकांचा दुसरा हिशेब याहून अवघड. तो त्यांनी माझ्यासमोर कॅलेंडरच्या मागच्या बाजूला केला. नवा जोड, म्हणजे अॅम्प्लिफायर आणि दोन स्पीकर, धरा ऐंशी हजार. वय बहात्तर. आणखी दहा वर्षं धरली. इथे त्यांनी पेन्सिल थांबवून माझ्याकडे पाहिलं; मी 'पंधरा धरा' म्हणालो; ते म्हणाले, "नको, टेंडर नेहमी कमीतच भरावं." दहा वर्षांच्या ३,६५० संध्याकाळी. एका संध्याकाळचे बावीस रुपये. दोन चहा. चेहरा उजळला. मग कापाकापी सुरू झाली. पावसाळ्यात वीज असते कुठे? पर्लकोटेला पूर येऊन तिकडे भामरागड तुटलं की इकडे आमचे दिवेही लुकलुकायला लागतात. चार महिने गेले. पुण्याला मुलाकडे दीड महिना. गणपती, दुर्गा, राजवाड्याचा दसरा; त्या दिवसांत गावात एवढे भोंगे असतात की घरचं लावणं म्हणजे पुरात घागर रिकामी करणं. काकूच्या मालिका साडेसात ते नऊ. पाहुणे, सुतक, गुडघा. उरल्या वर्षाच्या एकशे चाळीस संध्याकाळी. दहा वर्षांच्या चौदाशे. आता भाव सत्तावन्न रुपये.

"सत्तावन्न," काका पेन्सिल कानावर ठेवत म्हणाले. "अन् त्यातही एखाद्या दिवशी मूडच नसला तं?"

तरीही गेल्या हिवाळ्यात ते नागपूरच्या एका मोठ्या दुकानात गेलेच. बरोबर काकू आणि मी. दुकानात काचेची खोली, गार हवा, भिंतीला गाद्या लावल्यासारखं काही तरी, आणि टाय घातलेला मुलगा. त्यानं आधी 'हॉटेल कॅलिफोर्निया' लावलं. अशा दुकानात म्हणे तेच लावतात. ढोल असा वाजला की काकूनं पदर सावरला. मुलगा म्हणाला, "सर, बास फील होतोय ना?" काका म्हणाले, "चांगलं आहे. आता आमचं लाव." आणि पिशवीतून सीडी काढली, पन्नासच्या दशकातल्या गाण्यांची.

गाणं सुरू झालं. काका डोळे मिटून बसले. अर्ध्या मिनिटानं त्यांच्या कपाळावर आठी आली. गाण्याच्या मागे पाऊस पडत होता. बारीक, संततधार खरखर, मूळ ध्वनिमुद्रणातली. आमच्या घरच्या उजव्या स्पीकरनं चाळीस वर्षं ती मोठ्या मनानं झाकून ठेवली होती. काकू पुढे वाकून म्हणाली, "तबल्याजवळ कोणी तरी खोकललं. अन् कोणाची तरी खुर्ची करकरली." मुलगा आनंदानं म्हणाला, "बरोबर मॅडम! हीच क्लॅरिटी!"

बाहेर आल्यावर काका बराच वेळ गप्प होते. रस्त्यावर उसाचा रस प्यायलो. ग्लास खाली ठेवत म्हणाले, "ऐंशी हजार देऊन खोकला विकत घ्यायचा का?" मग दोन पावलं चालून, "पण खुर्ची कुठं करकरली असंल गं? डावीकडे का उजवीकडे?"

डब्यांचा वाद तर वेगळाच. नव्या स्पीकरचे डबे एमडीएफचे, म्हणजे लाकडाचा भुसा दाबून केलेल्या फळीचे, हे कळल्यावर काकांना ते वैयक्तिक अपमानासारखं लागलं. २०२३ साली अयोध्येच्या राममंदिराच्या दारांना सागवान गेलं ते आमच्या चंद्रपूर-गडचिरोलीच्या जंगलातलं; आलापल्लीजवळ 'ग्लोरी ऑफ आलापल्ली' म्हणून राखलेल्या वनात जाऊन पाहा, एकेका झाडाला कवेत घ्यायला दोन माणसं लागतात; आणि या मुलुखातल्या माणसानं भुशाचा डबा विकत आणायचा? माझा एक इंजिनिअर मित्र त्यांना समजावत होता की काका, स्पीकरचा डबा स्वतः वाजता कामा नये. सागवान घुमतं, एमडीएफ मुकं असतं, म्हणून ते बरं. काका उसळले. "लाकूड घुमू नये? मग सतारी काय भुशाच्या करतात?" मित्र म्हणाला, "सतारीनं गायचं असतं काका. डब्यानं फक्त सांगायचं असतं." काका तीन दिवस विचार करत होते. चौथ्या दिवशी फोन आला. "त्याले सांग, पटलं. साहेबानं बोलावं, बाबूनं टिपण घ्यावं. पण हेही सांग, का अहेरीच्या एका पावसात त्याचा एमडीएफ पुरीसारखा फुगल." यावर मित्राकडे उत्तर नव्हतं. कारण फुगतोच.

आपले सागवानी डबे घेऊन काका एकदा स्पीकरचे गोल बदलायला चंद्रपूरला निघाले होते. वाटेत वनाच्या तपासणी नाक्यावर एका नव्या पोरानं गाडी थांबवली. "सागवान आहे. टीपी दाखवा." ज्या माणसानं जन्मभर दुसऱ्यांचे वाहतूक परवाने तपासले, त्याला टीपी मागितली! रागवायचं सोडून काकांची छाती भरून आली. "पाहा, नुसतं पॉलिश पाहून ओळखलं पोरानं. चांगला राउंडर होईल." १९८४ ची पावती घरी फायलीत होती, म्हणून गाडी परत फिरवली. डबे पुन्हा चंद्रपूरला गेले नाहीत. डाव्या डब्यात आता काकूनं लोणच्याची बरणी ठेवली आहे; आतून गार असतं म्हणते.

गल्लीच्या तोंडाशी एक डीजेवाला पोरगा राहतो. दसऱ्याला त्याच्या अठरा इंची स्पीकरांच्या भिंतीपुढून गेलं की पोटातलं पाणी हलतं. काका त्याला शिव्या देतात आणि अॅम्प्लिफायर बिघडला की त्यालाच बोलावतात. तो पहिल्यांदा आला तेव्हा फिरत्या तबकडीकडे पाहतच राहिला. "काका, हे काय आहे?" काका म्हणाले, "तू डीजे ना? डीजेतला डी म्हणजे हीच." लग्नांच्या हंगामात लाखाची उलाढाल करणाऱ्या त्या डिस्क जॉकीनं डिस्क आयुष्यात प्रथमच पाहिली होती. पायातली चप्पल त्यानं बाहेर जाऊन काढून ठेवली. तेव्हापासून काका त्याला जरा बऱ्यानं शिव्या देतात.

मुलांनी आपल्या परीनं प्रयत्न केले. सुनेनं पाच हजार गाणी भरलेला एक डबा दिला. काकांनी तो देवघरात ठेवला; सकाळी भजनाला लागतो. मुलानं मोबाइलमध्ये जगातलं सगळं संगीत घालून दिलं. काका म्हणाले, "सगळं असलं की काय लावावं तेच सुचत नाही." त्यांना हवी असते ती तयारी. वसंतराव देशपांड्यांची तबकडी काढायची. वसंतरावांवर काकांचा विशेष जीव, कारण मूर्तिजापूरला जन्मलेला, नागपुरात वाढलेला हा माणूस पुण्यात मिलिटरी अकाउंट्समध्ये हिशेब लिहीत होता आणि १९६७ साली 'कट्यार काळजात घुसली' नाटकातला खाँसाहेब होऊन उभा राहिला. "तेही हिशेबातले, मीही हिशेबातला. फरक येवढाच का ते गात," असं काका म्हणतात. तर तबकडी काढायची. पावसाळ्यात तिच्यावर बुरशीची पांढरी साय येते, ती बॅटरीच्या दुकानातल्या डिस्टिल्ड पाण्यानं आणि साबणाच्या एका थेंबानं धुवायची. काकूच्या जुन्या सुती लुगड्याच्या तुकड्यानं गोल गोल पुसायची. स्टॅबिलायझरच्या काट्याकडे पाहत २२० होण्याची वाट पाहायची. यात पाऊण तास जातो. गाणं तीन मिनिटांचं असतं.

गेल्या वर्षी प्लेअरचा रबरी पट्टा तुटला आणि सगळंच थांबलं. मी हैदराबादला निघालो होतो. काकांनी फोनवर माप दिलं. तुटलेला पट्टा जोडून, दोऱ्यानं मोजून, डेपोतल्यासारखं: "गोलाई अठ्ठावन्न सेंटिमीटर. साल काढून." कोटीच्या गुजराती गल्लीत दोन तास हिंडल्यावर एका म्हाताऱ्या दुकानदाराकडे तसा पट्टा मिळाला. दीडशे रुपये. त्यानं विचारलं, "किसके लिए?" मी सांगितलं. तो म्हणाला, "दो ले जाओ. वो फिर मँगवाएँगे." मी दोन घेतले.

पट्टा घेऊन अहेरीला पोचलो, त्या दिवशी काका अंगणातच उभे होते. आधी त्यांनी पट्टा दोन्ही हातांनी ताणून पाहिला, वास घेतला, वहीत नोंद केली. दुसराही नोंदवला. "हा किती दिवस टिकतो म्हणे?" मी म्हणालो, "दहा वर्षं." काका दोन पट्ट्यांकडे पाहत राहिले. मनात बेरीज झाली असावी. "बराच झाला मग," ते म्हणाले.

संध्याकाळी वीज होती. तबकडी धुतली, पुसली. काटा २२० वर आला. पट्टा बसवताना काकांची बोटं जरा थरथरत होती, पण मला हात लावू दिला नाही. सुई टेकली. आधी थोडी खरखर, मग उजव्या कोपऱ्यातून, त्या सागवानी डब्यातून, वसंतरावांचा आवाज आला, जाड, दाणेदार, थोडा घुमणारा. डावीकडे लोणच्याची बरणी. मला काही उणं वाटलं नाही. काका डोळे मिटून होते. एकदा उघडले, माझ्याकडे झुकून हळूच म्हणाले, "पाहिलं? मोटर गोल फिरून राहिली. आता फक्त डावा बदलला का झालं. आणि डावा बदलायचा तं उजवाही बदलावा लागते, नाही तं जोड जमत नाही. आणि दोन्ही बदलायचे तं मग..."

"मग घ्यायचं तर एकदाच," मी म्हणालो.

"पाहून राहिलो," काका म्हणाले आणि पुन्हा डोळे मिटले.

तबकडीची एक बाजू संपली. काकांनी उलटून दुसरी लावली, मग दुसरी तबकडी काढली. आत भाकरी थापल्याचा आवाज येत होता. तो मध्येच थांबला आणि काकूनं हाक दिली, "चालु!"

काकांनी आवाजाचं बटण एक खूण पुढे सरकवलं.